दारावरचा स्टाफ नंबर

माझी वहिनी, नलिनी शेवडे, हिचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला कुणी साधीभोळी नणंद समजायला नको. तिच्या स्वयंपाकघरात नळ फिरवला की पाणी येतं, दिवसातल्या कुठल्याही वेळी. मी राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला. आमच्याकडे नळाला पाणी येतं असं फक्त म्हणायचं, आणि उन्हाळ्यात टँकरमागे बादल्या घेऊन पळायचं. वहिनी मात्र भांडी घासताना नळ वाहता ठेवून गप्पा मारते. मी दर वेळी म्हणते, "वहिनी, पाणी वाया जातंय." ती दर वेळी म्हणते, "अगं, कारखान्याचं आहे."

कारखाना म्हणजे सरकारी कारखाना. माझा भाऊ सुधाकर तिथे पोरवयात अप्रेंटिस म्हणून लागला आणि फोरमन झाला. क्वार्टर मिळालं, मागे अंगण, अंगणात पेरू, दवाखाना फुकट, मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ. माझ्या नवऱ्याचं बिट्टन मार्केटला झेरॉक्सचं दुकान. तेव्हा मी जळले तर त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण एवढं सगळं असून वहिनीला सुख नव्हतं, कारण भिंतीपलीकडच्या क्वार्टरमध्ये कमलिनी पिंपळखरे राहत होती.

कमलिनी पुण्याकडची. नवरा नीळकंठ डिप्लोमा इंजिनिअर, दादानंतर बऱ्याच वर्षांनी कारखान्यात आला आणि बघता बघता ऑफिसर झाला. वहिनी उज्जैनची, मास्तरांची मुलगी. तिच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की वेगळी काढता येत नाही. कमलिनीचं बोलणं मात्र रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ. मराठी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन कमलिनीकडे आणि प्रसादाच्या पातेल्यांवर वहिनी. वहिनीला मुलगी झाली तेव्हा तिने माहेरच्या नदीवरून नाव ठेवलं शिप्रा. दोन महिन्यांनी कमलिनीला मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं रेवा. बारशाहून परत येताना वहिनी रिक्षात मला म्हणाली, "मुद्दाम केलं. रेवा म्हणजे नर्मदा. माझ्या नदीहून मोठी नदी शोधून काढली तिने!"

कमलिनीच्या ते ध्यानीमनीही नसणार. वहिनीचा खरा संताप तोच होता. आपण रात्रंदिवस जिच्यावर जळावं, तिला त्याचा पत्ताच नसावा! नीळकंठरावांना मोठं क्वार्टर मिळत होतं तेव्हा कमलिनीने ते नाकारलं, का तर अंगणातला आंबा सोडवत नाही. वहिनी आठवडाभर धुमसत होती. आपल्याला मिळत नाही ते एक दुःख, आणि त्या बाईला मिळत असून ती घेत नाही हे त्याहून मोठं.

एका गोष्टीत मात्र वहिनी पुढे होती. दादाचा स्टाफ नंबर. टाउनशिपच्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीच्या, बाहेरच्यांना हे कळायचं नाही. तिथे माणसाचं वय त्याच्या स्टाफ नंबरवरून मोजतात. नंबर जितका लहान तितका माणूस जुना, मानाचा. ऑफिसर असो की फोरमन, लग्नाच्या पंगतीत सुद्धा "तुमचा कितीचा?" म्हणून विचारतात, आणि लहान नंबरवाला मिशीवरून हात फिरवतो. नीळकंठराव ऑफिसर झाल्याचे पेढे आले, त्याच आठवड्यात वहिनीने पितळेची पाटी करून घेतली. वर "सुधाकर शेवडे", खाली "फोरमन", आणि त्याखाली नावाहून मोठ्या आकड्यांत स्टाफ नंबर. दादा म्हणाला, "अगं, माणूस मेल्यावर लावतात तशी दिसते." पण पाटी लागली. दर रविवारी वहिनी ती चिंच लावून घासायची आणि घासताना पिंपळखऱ्यांच्या दाराकडे बघायची. तिथे साधी लाकडी पट्टी होती, तिच्यावर फक्त आडनाव.

शिप्रा आठवीत असताना तिला पहिल्यांदा फिट आली. घरीच, जेवताना. मी तिथे होते. ताट उलटलं, पोरीचे डोळे फिरले, आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं. पोर शुद्धीवर आल्यावर वहिनीने आधी खिडकी बंद केली. मला म्हणाली, "मीना, तुला माझी शपथ. त्या भिंतीपलीकडे कळता नये." टाउनशिपचा दवाखाना हाकेवर आणि फुकट, पण तिथे कंपाउंडरला कळलं की दुपारपर्यंत सगळ्या वसाहतीला कळतं. म्हणून ती शिप्राला दुपट्ट्यात गुंडाळून टाउनशिपबाहेर, बाग सेवनियाच्या एका खाजगी डॉक्टरकडे न्यायची, बस बदलून बदलून. गोळ्यांनी बराच आराम पडला. शेजारी विचारायचे तेव्हा वहिनी म्हणायची, ट्यूशनला नेते. कमलिनीला तर ती ट्यूशनच्या सरांचं नावही सांगून आली होती. हे मी हसायला सांगत नाही. तीन वर्षं त्या बाईने एकटीने ते ओझं वाहिलं, आणि माझ्याशिवाय कुणाजवळ रडली नाही.

आणि मग शाळेचं अ‍ॅप आलं.

पालकांची सभा भरली. मुलांच्या गळ्यातल्या ओळखपत्रात चिप बसवली होती. फाटकातून आत गेलं की घरी मेसेज, कुठल्या तासाला हजर, कुठल्याला नाही, चाचणीचे गुण, कँटीनमध्ये काय खाल्लं, ग्रंथालयातून काय नेलं, बाई काय म्हणाल्या, सगळं फोनवर. आत शिरायला लागायचा मुलाचा प्रवेश क्रमांक, जो ओळखपत्रावर ठळक छापलेला होता, आणि पासवर्ड म्हणून वडिलांचा स्टाफ नंबर. "पासवर्ड बाद में बदल लीजिएगा," असं सर म्हणाले होते. कुणी बदलला नाही. टाउनशिपमध्ये स्टाफ नंबर कुणापासून लपवायचा असतो, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

वहिनी हरखून गेली. मी रविवारी गेले की चहाआधी फोन. "बघ, शिप्राने काल समोसा खाल्ला. मला बोलली डबा खाल्ला." पोर समोर बसलेली असायची, तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की नाही ते मला माहीत नाही, पण वहिनी विचारेनाशी झाली. कशाला विचारायचं? फोन सांगत होताच. शिप्रा आधी शाळेतून आली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बडबडायची. ती हळूहळू दप्तर टाकून मागच्या दाराने रेवाकडे जाऊ लागली.

असंच एकदा वहिनीने मला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मीना, एक मजा दाखवते." फोनवर पान उघडलं होतं रेवा पिंपळखरेचं. सोसायटीच्या दुकानात खातं स्टाफ नंबरावर, त्यामुळे नीळकंठरावांचा नंबर सगळ्यांना पाठ, आणि रेवाचं ओळखपत्र रोज अंगणातल्या दोरीवर लटकलेलं. "चुपचाप बघायचं फक्त," वहिनी म्हणाली. "कुणाचं काय जातं?"

खरं सांगायचं तर मलाही मजा वाटली. दुसऱ्याच्या कपाटात डोकवायला कुणाला आवडत नाही? पण मी एकदा बघितलं, ती रोज बघू लागली. रेवाचे गणितातले गुण तिला शिप्राच्या गुणांच्या आधी कळायचे. एका चाचणीत रेवाला रसायनात शून्य मिळालं आणि त्या तासाला ती गैरहजर होती, त्या दिवशी वहिनीने शिरा केला. दुसरं काही कारण नव्हतं शिऱ्याला. "तास बुडवून कुठे जाते कोण जाणे," मला वाढताना म्हणाली. "पुण्याचे संस्कार!"

त्या पानावर कोपऱ्यात एक गोल होता. माहिती जितकी भरली तितका तो हिरवा व्हायचा. रेवाचा गोल अर्धाच हिरवा, कारण कमलिनीने आजार, औषधं, रक्तगट, सवयी, यातलं काहीच भरलं नव्हतं. "बघ तर, किती बेफिकीर बाई आहे," वहिनी म्हणाली. शिप्राच्या गोलात थोडीच फट राहिली होती. आजारांची. ती फट तिला सहन होईना. एका दुपारी तिने बसून सगळं भरलं. फिट कधीपासून, कशी येते, गोळीचं नाव, डॉक्टरचं नाव, शेवटची कधी आली. गोल पूर्ण हिरवा झाला आणि वर एक चांदणी आली. ती चांदणी तिने मला दाखवली. मी म्हटलं, "वहिनी, हे लिहायला हवं होतं का?" ती म्हणाली, "अगं, कुलपाचं चित्र आहे ना वर. पक्कं बंद असतं ते."

सख्ख्या शेजारणीपासून लपवलं, दवाखान्यापासून लपवलं, आणि एका चांदणीपायी फोनला सांगून टाकलं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. अकरावीच्या, शिप्राच्याच वर्गातल्या पोरांना एक दिवस कळलं की आत शिरता येतं. सोमवारी शिप्रा वर्गात गेली तर तिच्या बाकावर एक जुना बूट ठेवलेला. फिट आली की बूट हुंगवतात, ही आपल्याकडची जुनी अडाणी समजूत पोरांना बरोबर माहीत होती. मागून कुणीतरी नाकाला बूट लावल्याची नक्कल केली, सगळा वर्ग हसला. शिप्रा तो बूट हातात घेऊन तशीच उभी राहिली म्हणे. मग घरी आली, आणि आता शाळेत पाऊल टाकणार नाही म्हणाली.

दादाने मला फोन केला. मी पोचले तेव्हा तो शाळेच्या सरांशी बोलत होता. "ते पान पुसा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. उत्तर आलं, की कंपनी बाहेरची आहे, माहिती त्यांच्याकडे राहते, अर्ज करावा लागेल, आणि पासवर्ड पालकांनी बदलायला हवा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीचा आजार मागितला तुम्ही, ठेवला तुम्ही, तोही ओळखपत्राच्या आणि स्टाफ नंबरच्या भरवशावर, आणि चूक आमची? दादाच्या हातातून फोन घेऊन मी तसं बोललेही. पलीकडून फोन ठेवला.

वहिनी मात्र शाळेवर चिडलीच नाही. ती पदर खोचून उठली. "तिनेच केलं," म्हणाली. "तिनेच उघडलं असेल, आणि रेवाने शाळेत पसरवलं." असं तिला वाटणारच. माणूस स्वतः जे करतो तेच त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसतं. मी अडवायला मागे धावले, पण ती पिंपळखऱ्यांच्या अंगणात पोचली होती.

कमलिनी आंब्याखाली कपडे वाळत घालत होती. रेवा पायरीवर बसली होती. वहिनी कडाडली, "थंडावा आला ना जिवाला? माझ्या पोरीचं नाव खराब करून?"

"नलिनीताई, काय झालं?" कमलिनी म्हणाली. "बसा आधी."

"नाही बसत! फोनमध्ये डोकावून बघितलं तुम्ही. शिप्राच्या आजाराचं."

कमलिनीने हातातला टॉवेल बादलीत ठेवला. "मी ते अ‍ॅप उघडलेलं नाही हो. यांच्या फोनमध्ये आहे. शिप्राच्या आजाराचं म्हणाल, तर मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. तिनेच रेवाला सांगितलं. शाळेत पडली तर जवळ कुणाला तरी माहीत असावं म्हणून. मग तिला विचारून रेवाने मला सांगितलं. मी यांच्याजवळसुद्धा बोलले नाही. तुम्ही लपवत होता, मग मी कशाला दाखवू की मला कळलंय?"

बस बदलून बदलून बाग सेवनिया, ट्यूशनच्या सरांचं नाव, बंद केलेली खिडकी, सगळं वहिनीच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. या बाईने दोन वर्षं आपलं खोटं गोड मानून घेतलं, आणि आपली पोर आपल्या आधी हिच्या दारात मन मोकळं करून गेली. मला वाटतं, भांडण झालं असतं तर वहिनीला इतकं लागलं नसतं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तिचं तोंड सुटलं.

"मला शिकवू नका! आधी आपल्या पोरीकडे बघा. रसायनाच्या चाचणीत शून्य आहे तिला. तास बुडवून कुठे गेली होती विचारा!"

कमलिनीने रेवाकडे पाहिलं आणि मग वहिनीकडे. तिला ते शून्य माहीत नव्हतं. अगदी हळू तिने विचारलं, "नलिनीताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

उत्तर दिलं ते रेवाने, पण वेगळ्याच प्रश्नाचं. "काकू, त्या तासाला मी शिप्राजवळ होते. आमची तुकडी वेगळी, तिचा खेळाचा तास होता. तिला कसंतरी व्हायला लागलेलं मला खिडकीतून दिसलं, म्हणून मी वर्गातून निघून आले. आम्ही पाण्याच्या टाकीमागे बसलो होतो. खेळाच्या तासाला सगळ्यांची हजेरी एकदम लावतात, म्हणून तिचं काही दिसलं नसेल तुम्हाला."

त्या शून्यावर आम्ही दोघींनी शिरा खाल्ला होता.

मागे पावलं वाजली. शिप्रा फाटकाशी येऊन उभी होती, अजून शाळेच्या कपड्यांतच. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती. "आई," ती म्हणाली, "म्हणजे तू पण?"

"अगं, मी फक्त बघत होती," वहिनी म्हणाली.

"वर्गातले पण फक्त बघतच होते," शिप्रा म्हणाली. मग जरा थांबून, "आणि रेवाने कुणाला काही नाही सांगितलं. पोरं वर्गात ओरडत होती, पासवर्ड तो शेवडे अंकल के दरवाज़े पे लिखा है. पीतल में."

वहिनी तिथेच आंब्याच्या पारावर बसली. कमलिनीने तिला पाणी आणून दिलं. तेही तिला घ्यावं लागलं.

पाटी संध्याकाळी दादाने काढली. भिंतीला चार भोकं राहिली, ती अजून आहेत. शिप्रा आठवड्याभराने शाळेत जायला लागली, रेवाबरोबर. दादाने अर्ज केला, मग दुसरा अर्ज केला, ते पान पुसलं की नाही हे आम्हाला आजही ठाऊक नाही. शिप्राने पासवर्ड बदलला आणि तो कुणालाच सांगितला नाही. वहिनीने मागितलाही नाही. तिच्या फोनवर ते अ‍ॅप आहे, पण नव्या पासवर्डशिवाय ते उघडत नाही.

त्यानंतर महिन्याभराने मी गेले होते. वहिनी दारात उभी होती, शाळा सुटायच्या वेळेला. शिप्रा आली. वहिनीने विचारलं, "कसा गेला दिवस?" विचारताना तिचा आवाज नव्या सुनेसारखा होता. शिप्रा म्हणाली, "बरा," आणि दप्तर टाकून मागच्या दाराने गेली.

आम्ही दोघी भांडी आवरायला लागलो. खिडकीच्या पलीकडे, भिंतीमागच्या अंगणात, शिप्रा रेवाच्या आईला काहीतरी सांगत होती. लांबलचक, हातवारे करून सांगावं तसं. मध्येच हसली. मग आवाज बारीक झाला आणि "परवा मला पुन्हा" एवढे शब्द स्पष्ट आले. वहिनीचा हात थांबला. माझाही. मी तिची सख्खी आत्या, मलाही ती पोर असं कधी काही सांगत नाही, आणि त्या घटकेला आम्ही दोघी एकाच बाईवर जळत होतो. वहिनी खिडकीकडे अर्धं पाऊल सरकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला ते शब्द हवे होते, जेवणाहून जास्त हवे होते. दोन हात पुढे झाली असती तर सगळं ऐकू आलं असतं.

ती मागे फिरली आणि तिने नळ सोडला. पूर्ण सोडला. पाणी रिकाम्या पातेल्यावर धाडधाड पडू लागलं, पातेलं भरलं, वाहू लागलं, आणि पलीकडचं काही ऐकू येईनासं झालं. वहिनी ओट्याला धरून नुसती उभी होती.

पाणी बराच वेळ वाया जात होतं. मी काही बोलले नाही.